दुपारच्या पाळीचा फळा

आमची शाळा सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची होती. इमारत एक, बाकं तीच, फळेही तेच. सकाळी आम्ही वर्गात शिरायचो तेव्हा आदल्या संध्याकाळचं गणित फळ्यावर जसंच्या तसं असायचं, कारण सुटीची घंटा झाली की दुपारची मुलं फळा न पुसता पळत सुटायची. तो पुसायचं काम मुलींच्या मॉनिटरचं. आठवीत मॉनिटर मी होते. मुलांनी घातलेला पसारा मुलींनी आवरायचा, ही रीत मला कुणी शिकवली नाही; ती वेळापत्रकातच होती. मी एकदा विचारलंसुद्धा, की आमचा फळा दुपारची मुलं पुसतात का. नव्हती पुसत. आमचा फळा आम्हीच पुसायचो आणि स्वच्छ करून त्यांच्या हवाली करायचो.

मला राग यायचा. पण त्या रागातून एक फायदा झाला. पुसायच्या आधी मी फळ्यावरचं वाचायला लागले. आमच्या खोलीत दुपारी दादाचा नववीचा वर्ग बसायचा. दादा माझ्याहून एका वर्षाने मोठा आणि गणिताचा कट्टर शत्रू. जे त्याला डोळ्यांसमोर नको असायचं त्याच्यापुढे मी सकाळी डस्टर हातात धरून उभी असायची. अक्षरं आणि आकडे एकाच ओळीत, मध्ये बरोबरचं चिन्ह, आणि खाली येता येता ओळी लहान होत शेवटी एकच अक्षर आणि एकच आकडा. पाच-सहा ओळींत एवढा गुंता सुटतो, तोही कुणी कुणावर न ओरडता, याचं मला नवल वाटायचं. आमच्या घरात कुठलाच गुंता असा सुटत नसे. कधी घंटेमुळे गणित अर्धवट राहिलेलं असायचं. मग मी खडू घेऊन ते पुरं करायची आणि मगच पुसायची. अर्धवट गणित पुसणं मला जिवावर यायचं.

आम्ही दिल्लीत आलो तेव्हा मी चौथीत होते. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, पुण्याहून आलेले. मुनिरक्याच्या बाजूला आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं. मुनिरका तेव्हा खरोखरचं गाव होतं. शाळेच्या तंबूंमागून म्हशी जायच्या. इमारतीत खोल्या कमी पडत म्हणून खालचे वर्ग तंबूत भरत आणि उन्हाळ्यातली भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटली की पुस्तकांची पानं आपोआप उलटत. येताना मी पुण्याहून एकच गोष्ट पाठ करून आणली होती, ती म्हणजे पाढे. आई पोळ्या लाटताना माझ्याकडून ते म्हणून घ्यायची. शंभराच्या पुढे गेल्यावर मराठी पाढ्यांना एक डौल येतो. तेरा नवे सतरोदरसे. सतरा आठे छत्तिसासे. आईचं लाटणं आणि माझं तोंड बरोबरीने चालायचं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला जे येत होतं ते तिने मला पुरेपूर दिलं होतं, आणि मीही ते पोळीबरोबर गिळलं होतं.

दिल्लीत या पाढ्यांनी माझा घात केला. आमच्या गणिताच्या बहनजी उंच, ताठ, पांढऱ्या साडीतल्या. शिक्षिकांना तिथे सगळे बहनजीच म्हणत. या बहनजींचा तोंडी गणितावर फार भर. रांगेने उभं करायच्या आणि गोळ्या झाडल्यासारखे प्रश्न टाकायच्या.

"तेरह गुणा नौ?"

माझ्या डोक्यात आधी आईचं लाटणं सुरू व्हायचं. तेरा एकेपासून निघून तेरा नवेवर पोचायचं, तिथे सतरोदरसे मिळायचं, त्याचं एकशे सतरा करायचं, मग त्याचं हिंदी. तेवढ्यात पुढची मुलगी उत्तर देऊन खालीसुद्धा बसलेली असे. एकदा वाटलं, आज मागे राहायचंच नाही, आणि घाईत आईचंच उत्तर तोंडातून निघालं. सतरोदरसे. वर्गात हशा पिकला.

"यह कौन-सी संख्या है?" बहनजींनी विचारलं.

"एक सौ सत्रह," मी म्हणाले. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव सतरोदरसे पडलं. 'ए सतरोदरसे, चल टिफिन खाने.' मी रडून दाखवावं अशी काहींची अपेक्षा असावी. मी ओ द्यायला लागले. हाक मारणाऱ्यांची सगळी मजाच गेली, पण नाव काही गेलं नाही.

बाकीच्या विषयांशी माझं बरं चाललं होतं आणि खरी अडचण तीच झाली. हिंदीत मी पंजाबी मुलींच्याही पुढे गेले, कारण परक्या भाषेत माणूस जपून लिहितो आणि परीक्षेत जपून लिहिणाऱ्याला मार्क मिळतात. संस्कृतमध्ये अर्धे शब्द ओळखीचे निघाले. भूगोलात मी नकाशा असा काढायची की बहनजी तो इतर वर्गांत फिरवायच्या. त्यांना काय ठाऊक, मी दिल्लीपासून पुण्यापर्यंतची रेघ रोज मनात ओढत होते. शास्त्रात मला बेडकाची किळस आली, पण पाण्याचं बाष्प का होतं हे कळल्यावर आईच्या पातेल्यावरचं झाकण मी आठवडाभर उघडून पाहिलं आणि धपाटे खाल्ले. या सगळ्या विषयांत शाबासकी मिळायची. गणितात मिळायची नाही. आणि मला सकाळी उठून शाळेत जावंसं वाटायचं ते त्या पुसायच्या फळ्यासाठी.

हे कुणाला सांगितलं तर समजायचं नाही. लोकांचा हिशेब सरळ असतो. मार्क मिळाले की ही तुझी जागा, नाही मिळाले की तिथून ऊठ. मला उलट वाटायचं. जे येत नाही ते शिकायला शाळेत जातात ना? येतंय तेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचं असेल तर घरीच बसावं की. मला हे तेव्हाही असंच वाटत होतं आणि आज केस पांढरे झाल्यावरही यात बदल करावा असं काही सापडलेलं नाही.

इतिहासाचं मात्र वेगळं सांगावं लागेल. दर जानेवारीत दिल्लीतली आमच्यासारखी काही कुटुंबं मिळून बस ठरवायची आणि पानिपतला, काला अंबला जायची. तिथे आंबा नाही. एक खांब आहे, भोवती मोकळं रान आणि हाडं गोठवणारी थंडी. मोठी माणसं चपला काढून गार जमिनीवर उभी राहायची, हात जोडायची. कुणीतरी लढाईची हकिगत सांगायचं आणि दरवर्षी त्याच वाक्याला त्यांचा आवाज बसायचा. मग धुक्यात सतरंज्या पसरून दशम्या, लसणीची चटणी, तिळगूळ. आम्ही मुलं खांबाभोवती पकडापकडी खेळायचो. परतताना बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या व्हायच्या.

शाळेच्या पुस्तकात हीच लढाई जेमतेम चार ओळींची होती. इतिहासाच्या बहनजींनी विचारलं, "मराठे क्यों हारे?" आणि सबंध वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच कुठेतरी हलगर्जीपणा केला होता.

"मालूम नहीं, बहनजी," मी म्हणाले. "हम हर साल जाते हैं, लेकिन तब तक लड़ाई ख़त्म हो चुकी होती है."

मला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं. बाहेर उभं राहून मी जे शिकले ते पुस्तकात नव्हतं. आपले लोक जिथे जिंकले तिथे मला कधी कुणी नेलं नव्हतं. जिथे हरले तिथे मात्र दरवर्षी, थंडीत, डबे भरून नेत होते. हरलं म्हणून त्या जागेशी संबंध तोडायचा असतो, असं आमच्या बसमधल्या एकाही माणसाला वाटत नव्हतं. हे माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलं आणि वेळ आली तेव्हा कामी आलं.

तेव्हा आमच्याकडे शाळा अकरावीपर्यंत असे आणि नववीतच विषय ठरत. मुलींना एक सवलत होती. गणिताऐवजी गृहविज्ञान घेता यायचं. 'घेता यायचं' हे म्हणण्यापुरतं. आमच्या शाळेत कुणी काय घ्यायचं ते बहनजी ठरवायच्या. आठवीच्या शेवटी गणिताच्या बहनजींनी गणित घेणाऱ्या मुलींची नावं वाचली. बोटांवर मोजण्याइतकी होती. मी शेवटपर्यंत ताठ बसून ऐकलं. माझं नाव आलं नाही. बहनजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हारी हिंदी इतनी अच्छी है. गणित में क्यों सिर खपाती हो?"

घरी वार्षिक परीक्षेचे मार्क आधीच पोचले होते. दादाचे आणि माझे गणिताचे मार्क जवळजवळ सारखेच होते. दोघंही काठावर. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गणितात दोघांचंही पानिपत," ते म्हणाले.

"मग दरवर्षी जाऊ या," मी म्हणाले.

वडिलांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. दादाला शिकवणी लावायची असं ठरलं. माझ्याबद्दल ते म्हणाले, "तुझं गृहविज्ञान बिल्कुल ठीक आहे. काय वाईट आहे त्यात?"

"दादाचेही तेवढेच मार्क आहेत. त्याला गणित आणि मला नाही?"

"अगं, त्याला सुटकाच नाही. तुला ऑप्शन आहे."

"मला ऑप्शन नकोय. मला गणित हवंय."

"बहनजींचं रेकमेंडेशन आहे. वरच्याने शेरा मारला की खालच्याने ओव्हररूल करायचं नसतं," वडील म्हणाले. तीस वर्षं फायलींवर काढलेल्या माणसाला घरसुद्धा सेक्शनसारखं दिसायचं.

दादा म्हणाला, "यार, तू माझं गणित घे, मी टिक्की करतो. मला चालेल." त्याला खरंच चाललं असतं. पुढे तो आम्हा सगळ्यांत उत्तम स्वयंपाक करायला लागला, पण तेव्हा त्याला कोण विचारतंय.

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तव्यावरच्या पोळीला म्हणावं तसं म्हणाली, "पाढे मी शिकवले होते. ते चुकीचे होते का?"

तोपर्यंत मी समजत होते की हा अपमान एकट्या माझा आहे.

जुलैत शाळा सुरू झाली. गृहविज्ञानाचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. पहिला धडा होता 'रोगी का भोजन', आणि त्यात साबुदाणा दुधात शिजवून त्याची पातळ लापशी करायची होती. आपण ज्याची खिचडी करतो तो साबुदाणा आजाऱ्याला असा पाजतात हे मला तिथे कळलं आणि मी मनातल्या मनात त्या आजाऱ्याची कीव केली. एक सांगते, स्वयंपाकाशी माझं भांडण नव्हतं. मी आजही चांगलं जेवते आणि खाऊ घालते. शिवणाचं गणित तर मला आवडलंच असतं. भांडण होतं ते त्या 'ऐवजी'शी. भाजी चिरायची म्हणून समीकरण सोडायचं, हे कुणी आणि कधी ठरवलं? दादाला तर कुणी म्हटलं नव्हतं की तू गणित कर म्हणजे तुला जेवायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलेच नाही. गणिताच्या खोलीत जाऊन मागच्या बाकावर बसले. बहनजी आल्या, त्यांनी पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. मी उठून बाहेर गेले आणि खिडकीशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा बोट, पुन्हा खिडकी. मग तो नेमच झाला. खिडकीला गज होते, काचा नव्हत्या. आतलं सगळं ऐकू यायचं, फळा तिरका दिसायचा. पाय दुखायचे, दिल्लीच्या त्या चिकट उकाड्यात पाठीवरून घाम ओघळायचा, आणि शेडमध्ये माझी गैरहजेरी लागायची. मुली येता-जाता म्हणायच्या, "सतरोदरसे, तू चौकीदार है क्या?" मी म्हणायची, "हाँ, तुम्हारे गणित की." बहनजींनी दोनदा खिडकीचं दार ओढून घेतलं. ते लाकूड फुगलेलं होतं. पूर्ण लागायचं नाही.

खिडकीबाहेर एक गंमत झाली. तिथे मला कुणी उत्तर विचारत नव्हतं. त्यामुळे घाई नव्हती. बहनजी फळ्यावर लिहायच्या आणि मी मनात मराठीत सोडवायची, लाटण्याच्या ठेक्यावर, माझ्या चालीने. पूर्वी मला वाटायचं की मी मठ्ठ आहे आणि हट्टाने गणिताच्या मागे लागले आहे. तिथे उभं राहून कळलं, की मी मठ्ठ नाही, मी लांबच्या रस्त्याने येते. पोचते मात्र. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला आतून इतकं बळ आलं की गज वाकवावेत.

शेवटी प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेलं. त्यांना आम्ही बड़ी बहनजी म्हणायचो. त्या फार बोलत नसत. म्हणाल्या, घरून कुणाला तरी घेऊन ये. वडिलांनी सरळ सांगितलं, "मी नाही येणार. काय तोंडाने सांगू? मुलगी ऐकत नाही म्हणून?" दुसऱ्या दिवशी आईने पोळ्या लवकर उरकल्या, इस्तरीची साडी नेसली आणि चपला घालून दारात उभी राहिली. पाच वर्षांत ती माझ्या शाळेत कधी आली नव्हती. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती होती आणि तिलाही ते ठाऊक होतं.

बड़ी बहनजींच्या खोलीत गणिताच्या बहनजी आधीच बसल्या होत्या. त्यांनी आईला समजावलं, की मुलगी हुशार आहे पण गणितात फार धीमी आहे. बोर्डाच्या परीक्षेत वेळ पुरणार नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "बहनजी, धीरे करती, मालूम है. मेरा रोटी भी धीरे होता है. लेकिन कच्चा नहीं रहता."

गणिताच्या बहनजींना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून पूर्वीसारखा प्रश्न टाकला. "तेरह गुणा नौ?"

मला हिंदी उत्तर येत होतं. खिडकीत एवढे दिवस उभी राहून तेही पाठ झालं होतं. पण शेजारी आई उभी होती.

"सतरोदरसे," मी म्हणाले. आणि लगेच, "लिखकर दिखाऊँ?"

बड़ी बहनजी उठल्या आणि आम्हाला घेऊन समोरच्या रिकाम्या वर्गात गेल्या. त्या वर्गातल्या मुली मैदानावर कवायतीला गेल्या होत्या आणि फळा पुसायचा राहून गेला होता. फळ्यावर दुपारच्या पाळीचं गणित तसंच होतं. हौदाचं. एका नळाने हौद बारा तासांत भरतो, दुसऱ्याने अठरा तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल. खाली एक ओळ लिहिलेली, पुढे काहीच नाही. घंटा झाली असणार.

मी खडू घेतला. पहिल्यांदा मी दोन्ही नळांची बेरीज केली. पाठीमागे बहनजींनी सुस्कारा सोडला. मग माझ्या लक्षात आलं, दुसरा नळ भरत नाही, रिकामा करतो. मी ओळ पुसली. वजाबाकी केली. छेद सारखा करायला मला वेळ लागला. मी हळू आवाजात मराठीत पुटपुटत होते.

"इतनी देर में तो परीक्षा ख़त्म हो जाएगी," बहनजी म्हणाल्या.

"हो जाए," मी न वळता म्हणाले. "सवाल तो पूरा होगा."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मी उत्तर लिहिलं, छत्तीस तास, आणि आईला कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "दीड दिवस."

आई दारात उभी होती. तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दीड दिवसात तो दुसरा नळ कुणाला बंद करता आला नाही?"

आमच्या क्वार्टरमध्ये पाणी सकाळी तासभर यायचं. तिचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. बड़ी बहनजींनी विचारलं, "माताजी क्या कह रही हैं?" मी हिंदीत सांगितलं. त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग गणिताच्या बहनजींना म्हणाल्या, "बिठा लो इसे. खिड़की पर खड़ी रहेगी तो भी सीखेगी ही."

बाहेर पडताना गणिताच्या बहनजींनी मला एकटीला थांबवलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, मुलींच्या पाळीत नववीपासून पुढे गणित सुरू व्हावं म्हणून मी किती दारं ठोठावलीत, तुला माहीत नाही. एक मुलगी नापास झाली तर वरचे म्हणतील, पाहा, मुलींना हे झेपत नाही, आणि हा वर्गच बंद होईल. "तुम अकेली फ़ेल नहीं होगी," त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं मला समजलं. तेव्हाही समजलं, पुढे आणखी समजलं, आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला. पण पटलं नाही. मुलींसाठी दार उघडायचं आणि मग कधी नापास होणार नाहीत अशाच मुलींना आत घ्यायचं, तर दार उघडून काय केलं? मुलगे दरवर्षी घाऊक नापास होत होते. त्यांचा वर्ग बंद करावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला नापास व्हायचाही हक्क हवा होता. पण त्या दिवसापासून बहनजींचं ते वाक्य मानेवर बसलं, आणि मी अभ्यास केला तो भीतीने कमी आणि चिडीने जास्त.

तीन वर्षं मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसले. माझ्यात काही चमत्कार झाला नाही. मी वेगवान झाले नाही, पहिली आले नाही. बहनजी मला तोंडी प्रश्न विचारायच्या आणि मी माझ्या वेळेत उत्तर द्यायची. हळूहळू त्यांनी पुढच्या मुलीकडे वळण्याआधी थांबायला सुरुवात केली. पण एक विषय असा लांबच्या रस्त्याने चालत गेल्यावर बाकीचे विषयही मला वेगळे दिसायला लागले. व्याकरणात मला समीकरणं दिसायची. इतिहासाच्या पुस्तकातल्या चार ओळी वाचून मी विचारायची, मधल्या पायऱ्या कुठे आहेत? असं कसं एकदम उत्तर लिहिलंत? निबंधसुद्धा मी जपून लिहायचा सोडला. मार्क कमी झाले आणि निबंध बरे झाले.

लोक मला अजून विचारतात, की एवढं भांडून गणित घेतलंस, त्याचा उपयोग काय झाला. मी गणिताची शिक्षिका झाले नाही, इंजिनियर तर नाहीच नाही. एका सरकारी कचेरीत भाषांतराचं काम केलं आणि निवृत्त झाले. दादाला कुणी हा प्रश्न विचारत नाही. त्यालाही गणिताचा काडीइतका उपयोग झाला नाही. मुलाने शिकलेलं वाया गेलं तरी ते शिक्षण असतं, आणि मुलीने शिकलेल्याची मात्र पावती दाखवावी लागते. मी दाखवत नाही. हवं होतं म्हणून शिकले, एवढं पुरे.

उन्हाळ्याची सुटी लागायच्या थोडं आधी अकरावीचा निकाल लागला, त्या दिवशी उन्हाने डांबर वितळलं होतं. वर्गात पंखा नव्हता. आमच्या सगळ्या मुली पास झाल्या होत्या. मीही झाले, मार्क बेताचेच, पण काठापासून बऱ्यापैकी आत. गणिताच्या पेपरात शेवटचा प्रश्न माझा राहून गेला होता. वेळ संपला तेव्हा मी तिसऱ्या ओळीवर होते आणि निरीक्षिकेने पेपर हातातून ओढून घेतला होता. मुली पेढे वाटत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी आमच्या खोलीत गेले.

फळा स्वच्छ होता. सकाळच्या कुणीतरी तो दुपारसाठी पुसून ठेवला होता. मी खडू उचलला आणि तो शेवटचा प्रश्न लिहिला. पाठ होता, परीक्षेपासून तो माझ्या डोक्यात अडकून राहिला होता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग तिथून पुढे, सावकाश, पुटपुटत, एकही पायरी न गाळता. उत्तर आलं तेव्हा मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बहनजी होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं.

"ठीक है," त्या म्हणाल्या. एवढंच. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर दुपारच्या पाळीची पहिली घंटा झाली. फाटकाशी मुलांचा गलका ऐकू यायला लागला. बहनजींनी सवयीने टेबलावरचं डस्टर उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "मिटा दो. लड़के आ रहे हैं."

"नहीं, बहनजी," मी म्हणाले. "आज वे मिटाएँगे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे. डस्टर पुन्हा टेबलावर ठेवलं आणि माझ्याआधी त्या स्वतःच खोलीबाहेर पडल्या.